सुईची पकड आणि पुराव्याची कसोटी

अॅक्युपंक्चर या प्राचीन चिनी चिकित्सेत वैद्य बारीक सुई त्वचेतून आत घालतो व बोटांनी ती फिरवितो. थोड्याच वेळात आतील मांसाने सुई धरून ठेवल्याचे त्याला जाणवते. गळाला मासा लागावा तशी ही ओढ असते, असे जुने चिनी वैद्य सांगत. ही ओढ खरी की हाताला झालेला भास?

अमेरिकेतील व्हर्माँट विद्यापीठात हेलेन लँजव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला मोजमाप लावले. ६० निरोगी व्यक्तींना यंत्राने सुया टोचून, त्या उपसण्यास किती बल लागते याची त्यांनी नोंद केली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, एकाच दिशेने फिरविलेल्या सुईला न फिरविलेल्या सुईपेक्षा १६७ टक्के अधिक बल लागले. पुढे उंदरांच्या ऊतकाचे सूक्ष्मदर्शकाने परीक्षण करता कारणही उमगले. टकळीवर सूत गुंडाळले जावे, तसे त्वचेखालील संयोजी ऊतकातील कोलॅजेनचे तंतू सुईभोवती गुंडाळले जातात. त्यांच्या ताणाने आसपासच्या तंतुजनक पेशी पसरून आपला आकार बदलतात.

तेव्हा सुईने शरीरात काहीच घडत नाही, हे म्हणणे आता टिकणारे नाही. परंतु एवढ्यावरून ही चिकित्सा सिद्ध झाली असे मानणे, हाही उतावळेपणाच होय. परंपरेने सांगितलेल्या बिंदूंवर सुईची पकड इतर जागांपेक्षा सरासरी १८ टक्क्यांनी अधिक भरली, हे खरे. पण सुई फिरविल्याने इतर जागीही ती वाढलीच.

खरी कसोटी रोग्याच्या आरामाची. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर विधियुक्त सूचिचिकित्सेने ४७.६ टक्के रुग्णांना गुण आला. बिंदू सोडून, सुई वरवर टोचून व न फिरविता केलेल्या लटक्या उपचाराने ४४.२ टक्क्यांना, तर नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना गुण आला. तंतूंची गुंडाळी हेच आरामाचे मुख्य कारण असते, तर पहिल्या दोन गटांत मोठे अंतर पडावयास हवे होते. ते पडले नाही.

शरीरात बदल घडणे ही एक गोष्ट, आणि त्या बदलाने व्याधी हटणे ही दुसरी. पहिलीचा पुरावा दुसरीच्या नावे खपविला, तर त्याची किंमत अखेर रोग्यालाच मोजावी लागते. म्हणून कोणत्याही उपचाराविषयी हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांनी शाळेतच लावून घ्यावी.