अंधाऱ्या खोलीला मोरपिशी

दसरा तोंडावर आला की रंगारी फोन उचलत नाहीत. उचललाच तर "दिवाळीनंतर बघू, ताई" म्हणतात. तोवर घरात शेडकार्ड येऊन पडलेलं असतं आणि जो तो येता-जाता त्यावर बोट ठेवून जातो. हल्ली हे बोट ज्या चौकोनावर रेंगाळतं तो मोरपिशी. रंगाच्या दुकानात याला टील म्हणतात. पण रेंगाळलेलं बोट शेवटी ऑफ-व्हाइटवरच जातं. फारच धीर केला तर हॉलमधली टीव्हीमागची एक भिंत मोरपिशी होते आणि उरलेल्या तीन भिंती नेहमीच्या.

मला हा एका भिंतीचा प्रकार मुळीच पटत नाही. वरणात मीठ घालायचं राहिलं म्हणून पानात चिमूटभर वाढावं, तसा तो रंग बाजूला पडून राहतो. शिवाय ती भिंत हॉलची, म्हणजे घरातल्या सगळ्यात उजेडाच्या खोलीची. भर दुपारच्या उन्हात गडद मोरपिशी रंग रखरखीत दिसतो. त्याला संध्याकाळ लागते, दिवा लागतो, चारही बाजूंनी वेढलेली जागा लागते. म्हणून माझं मत असं, की हा रंग घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीला द्यावा, आणि चारही भिंतींना द्यावा.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत अशी एक खोली असतेच. खिडकी डक्टकडे उघडते, सकाळी दहालाही दिवा लावावा लागतो. "खोली मोठी वाटेल" म्हणून आपण तिला पांढरा रंग देतो. पण पांढरा रंग उजेड परत फेकतो, तयार करत नाही. मुळात उजेडच नसेल तर तो फेकणार काय? ती पांढरी भिंत राखाडी दिसते आणि खोली होती तेवढीच राहते. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांहून अधिक परत देते, गडद मोरपिशी जेमतेम दहा-पंधरा टक्के. हा हिशेब ऐकून लोक घाबरतात. मात्र गडद रंगात कोपरे नीट दिसत नाहीत, भिंत कुठे संपते ते चटकन कळत नाही, आणि खोली लहान असल्याची जाणीवच कमी होते.

माझ्या सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता. शेडकार्ड लांब धरून त्या म्हणाल्या, "अगं, सिव्हिल हॉस्पिटलात बसल्यासारखं वाटेल." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दवाखाने, शाळा, एसटी स्टँड, सगळीकडे भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला तो हिरवट-निळा ऑइलपेंट आपण पाहत आलो आहोत. शस्त्रक्रियेच्या खोलीत हिरवा रंग आला त्याला कारण होतं. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी 1914 च्या सुमारास पांढऱ्याऐवजी हिरवा वापरायला सुरुवात केली, कारण रक्ताचा लाल बघून थकलेल्या डोळ्यांना पांढऱ्याची झळाळी त्रास देते. हिरवट-निळा हा लालसर रंगाच्या बरोबर समोरचा, म्हणून डोळा निवतो. घरातली भिंत दवाखान्यासारखी दिसते ती दोन गोष्टींमुळे: चकचकीत ऑइलपेंट आणि वर पांढरीफेक ट्यूबलाइट. या दोन्ही टाळल्या की सिव्हिल हॉस्पिटल आठवत नाही.

दिव्याची गोष्ट रंगाआधी ठरवायला हवी, आणि आपण ती सगळ्यात शेवटी ठरवतो. हा रंग निळा आणि हिरवा यांच्या सीमेवर उभा असतो. ट्यूबलाइटखाली तो निळ्याकडे झुकतो, पिवळसर दिव्याखाली हिरव्याकडे. दुकानातल्या पांढऱ्या उजेडात पसंत केलेली शेड घरी येऊन वेगळीच निघते ती यामुळे. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 2700 ते 3000 च्या दरम्यानचा, म्हणजे पिवळसर, घ्या. मग लहान डबी आणून भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा पट्टा मारा, दोन हात द्या, वाळू द्या, आणि रात्री जेवणं झाल्यावर तोच दिवा लावून बघा. सकाळी बघितलेल्या रंगावर विसंबू नका, कारण ही खोली तुम्ही वापरणार रात्रीच.

दिव्याच्या उजेडातली मोरपिशी खोली किती पुढे जाऊ शकते, याचा दाखला वॉशिंग्टनमध्ये आहे. लिव्हरपूलचा जहाजमालक फ्रेडरिक लेलँड याला लंडनच्या घरात चिनी निळी-पांढरी भांडी मांडण्यासाठी जेवणघर सजवून हवं होतं. खोलीचं काम थॉमस जेकिल या वास्तुकाराकडे होतं, भिंतींना जुनं नक्षीदार चामडं लावलेलं होतं. चित्रकार जेम्स व्हिसलर याने किरकोळ हात फिरवायचा असं ठरलं होतं. मालक गावाला गेला आणि 1876 मध्ये व्हिसलरने ते महागडं चामडं हिरवट-निळ्या रंगाखाली झाकून टाकलं, वर सोनेरी मोर काढले. बिल लावलं दोन हजार गिनीचं. लेलँडने दिले निम्मे, आणि तेही गिनीऐवजी पौंडांत. गिनी एकवीस शिलिंगांची, पौंड वीसचा. कलावंताला गिनी द्यायची आणि कारागिराला पौंड, असा तिथला रिवाज. तेव्हा एका शिलिंगाचा फरक थेट अपमानाचा होता. व्हिसलरने उत्तर भिंतीवरच दिलं: दोन भांडणारे मोर, त्यातल्या श्रीमंत मोराच्या पायाशी विखुरलेली नाणी. घरमालक-रंगारी वादाची मला माहीत असलेली ही सगळ्यात देखणी आवृत्ती. लेलँडने मात्र शहाणपणा केला, रंग खरवडला नाही. 1904 मध्ये चार्ल्स फ्रीअर या अमेरिकी संग्राहकाने ती अख्खी खोली विकत घेतली आणि आज ती वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात उभी आहे.

आपल्याकडच्या जुन्या घरांत भिंतीवर हा गडद रंग का नसायचा, याचं कारण चुन्यात आहे. चुन्याची भिंत क्षारधर्मी. प्रशियन निळा तिच्यावर टिकत नाही, काही काळात त्याची वाट लागते. नीळ टिकते, म्हणून चुन्यात नीळ घालून फिकट आकाशी भिंती झाल्या. हिरवट-निळा दिसायचा तो दारं-खिडक्यांच्या लाकडावर, तेलरंगात. आज डब्यातून येणारा मोरपिशी ज्या रंगद्रव्यामुळे भिंतीवर टिकतो, ते 1928 मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथमधल्या कारखान्यात अपघाताने सापडलं. एका पात्राच्या आतल्या लेपाला तडा गेला, आतलं रसायन लोखंडाला भिडलं आणि गडद निळा पदार्थ तयार झाला. लोखंडाऐवजी तांबं घालून त्याचा रंग 1935 मध्ये बाजारात आला, आणि त्यात क्लोरीन मिसळून हिरवा. चुना, ऊन, काळ, कशालाच तो दाद देत नाही.

लोकांनाही हा रंग मनापासून आवडतो, हे 2017 मध्ये ब्रिटनच्या हल शहरात दिसलं. जी. एफ. स्मिथ या कागद कंपनीने जगाचा आवडता रंग शोधायचा घाट घातला, शंभरहून अधिक देशांतल्या लोकांनी आपापली छटा निवडली आणि पहिला आला एक गडद हिरवट-निळा. स्कॉटलंडच्या अ‍ॅनी मार्स यांनी निवडलेली छटा त्याच्या सगळ्यात जवळची, म्हणून त्याचं नाव पडलं मार्स ग्रीन. पण आवडता रंग आणि भिंतीचा रंग यांच्यामध्ये आपल्याकडे एक रंगारी उभा असतो.

तो म्हणतो, "दोन हातांत होऊन जाईल." होत नाही. गडद शेड ज्या बेसमध्ये बनवतात त्यात झाकणारा पांढरा फारच थोडा असतो, त्यामुळे खालची भिंत डोकावत राहते. आधी राखाडी प्रायमर मारून घ्या, तिसऱ्या हाताची तयारी ठेवा आणि दर ठरवतानाच ते बोलून टाका. पुट्टी घासण्यात कसूर झाली तर पत्र्याचे लाटांसारखे वळ गडद रंगावर चमकतात, म्हणून मॅट घ्या. मॅटवर मुलांचे हात उमटतात हे खरं, पण ते पुसता येतात, वळ पुसता येत नाहीत. ओल असलेल्या भिंतीला मात्र हा रंग देऊच नका. पावसाळ्यात पांढरे क्षार फुटले की ऑफ-व्हाइटवर खपून जातात, मोरपिशीवर समोरच्या बिल्डिंगमधूनही दिसतात.

सजावटीचं फार काही करावं लागत नाही. नारिंगी, विटकरी, मोहरीपिवळा या घराण्यातलं जे घरात असेल ते या भिंतीपुढे उजळतं: सागवानी कपाट, आजीची पितळी समई, माळ्यावर पडलेलं तांब्याचं घंगाळ. छत पांढरंशुभ्र ठेवलं तर कडेची रेघ कापल्यासारखी दिसते, त्यापेक्षा मलईसारखा रंग बरा. आणि मोरपिशी भिंतीवर मोराचं चित्र टांगायचा मोह होईल, तो आवरा. खऱ्या पिसात निळा रंगच नसतो, पिसाच्या सूक्ष्म रचनेवर उजेड खेळतो म्हणून तो दिसतो आणि कोन बदलला की हलतो. चित्रातला मोर तसा हलणार नाही आणि भिंत उगाच फिकी पडेल.

शेवटी एक काम नक्की करा. लागेल तेवढा रंग एकाच वेळी मिसळून घ्या, आणि डब्याच्या झाकणावर मशीनने चिकटवलेल्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी टच-अपच्या वेळी रंगारी "अंदाजाने जुळवून देतो" म्हणेल. त्याला जुळवू देऊ नका.