उपनगरांच्या उशाशी

सुटीचा बेत म्हटला की हल्ली इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या गावांची छायाचित्रं मोबाइलवर फिरू लागतात. मोटार वेशीबाहेर ठेवायची आणि गाव पायी हिंडायचं, हे सुख कोणालाही हवंसं वाटेल. तेच सुख आपल्या उशाशी आहे, माथेरानला.

घाटकोपर-मुलुंडकरांना कर्जत लोकल थेट पायथ्याच्या नेरळला पोचवते. अंधेरी-बोरिवलीकरांनी दादरला गाडी बदलावी. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने बांधलेल्या दोन फुटी रुळांवरून छोटी गाडी वर पोचली. पर्यटकांच्या मोटारी आजही गावाबाहेर दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे तांबडी माती, झाडांची गर्द सावली आणि घोड्यांच्या टापा.

दोन दिवस हाताशी असतील तर शनिवारी पहाटेच निघा. मुक्कामाची सोय आधी करा, पायांत जुने, घट्ट बूट घाला. तिथली तांबडी माती नव्या बुटांचा रंग ठेवत नाही. रविवारी पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदय गाठा. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, हे ध्यानात ठेवूनच बेत आखा.

२००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. शार्लोट तलावाचं पाणी गाव पितं. तेव्हा वाचकहो, जरूर जा, भरपूर चाला. आणि आपला कचरा पिशवीत भरून खाली घेऊन या.