लागवड झाली, संगोपनाचं काय?

पावसाळा आला की आपल्याकडं एक शब्द फार स्वस्त होतो. संगोपन. 'वृक्षारोपण व संगोपन कार्यक्रम' असा फ्लेक्स लागतो, पाहुणे येतात, एका रोपाला पाच-सहा जण हात लावतात, फोटो निघतो. रोपण होतं. संगोपन फ्लेक्सवरच राहतं.

या शब्दाचा अर्थ बघा. मूळ संस्कृत धातू 'गुप्'. म्हणजे राखणं, जपणं. 'गोपनीय' हा शब्दही त्यातलाच, कारण या धातूत लपवणंही आहे. आपल्या व्यवस्थेनं नेमका तो दुसरा अर्थ उचलला. रोपं किती लावली ते जाहीर, जगली किती ते गोपनीय!

राज्यानं २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ५० कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आधी ४ कोटी, मग १३, मग ३३. लावल्याचे आकडे जोरात सांगितले गेले. जगली किती, यावर पुढं विधानसभेत वाद झाला.

मुलांच्या बाबतीत हाच शब्द आपण बरोबर वापरतो. बारसं एका दिवसाचं, संगोपन वर्षानुवर्षांचं. सरकारलाही ते कळतं. म्हणून तर बालसंगोपन योजनेत निराधार मुलासाठी दरमहा अनुदान असतं. वर्षातून एकदा फोटो काढून भागत नाही.

झाडाचंही तसंच आहे. त्याची खरी परीक्षा जुलैत नसते, एप्रिल-मेमध्ये असते. आळं करायचं, पाणी घालायचं, शेळ्यांपासून काट्यांचं कुंपण करायचं. पहिले दोन-तीन उन्हाळे निघाले की झाड स्वतःच्या पायावर उभं राहतं. पण मे महिन्यात कळशी घेऊन फोटो काढायला कोण जातं?

झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा शहरांना दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायला सांगतो. आपल्या नगरपरिषदेची शेवटची गणना कधी झाली, हे नगरसेवकांना विचारा. आणि यंदा नवा खड्डा खणण्याआधी मागच्या वर्षीची जिवंत झाडं मोजून तो आकडा फ्लेक्सवर लिहा, एवढीच मागणी करा. आकडा लिहिता येत नसेल, तर 'संगोपन' हा शब्द तरी खोडा.

तुमच्या वॉर्डात मागच्या वर्षीची किती झाडं उरलीत? मोजा आणि कमेंटमध्ये लिहा. कुणी गुपचूप पाणी घालून जगवली असतील, तर त्यांच्याबद्दल आधी लिहा.