जुळ्यांच्या गरोदरपणातील विमानप्रवासासाठी एकसमान नियम करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली.

विषय: जुळी किंवा अधिक गर्भ असलेल्या प्रवासी स्त्रियांसाठी प्रमाणपत्राचा एकच नमुना, आठवडे मोजण्याची एकच रीत आणि प्रवास नाकारण्याची निश्चित पद्धत ठरवून देणेबाबत.

मा. महोदय,

जुळी पोटात असलेल्या स्त्रीने 32 आठवड्यांनंतर विमानात बसू नये, हा दंडक योग्य आहे. तो शिथिल करावा, अशी आमची मागणी नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण या विषयावर कोणी काही मागितले की सवलतच मागितली असे धरले जाते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत आणि ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या सूचनांत, गुंतागुंत नसेल तर एका गर्भासाठी 36 आणि जुळ्यांसाठी 32 आठवडे अशी मर्यादा आहे. साधारण निम्मी जुळी 37 आठवडे भरण्याआधीच जन्मतात. विमान उंचावर असताना कळा सुरू झाल्या, तर कमी दिवसांच्या दोन बाळांना सांभाळायला तिथे ना साधने असतात ना माणसे. आमची तक्रार आहे ती मर्यादा लागू कशी केली जाते याबद्दल. प्रत्येक कंपनी आपापल्या प्रवास-अटींत ती आपल्या शब्दांत लिहिते, आणि अखेरचा निवाडा चेक-इनच्या काउंटरवर होतो.

साधा हिशेबाचा प्रश्न घ्या. डॉक्टर गर्भाचे वय पूर्ण झालेले आठवडे आणि वरचे दिवस असे लिहितात. केसपेपरवर '31+2' असेल, तर 31 आठवडे भरून 2 दिवस झाले आणि 32 वा चालू आहे. अटीत नुसते '32 आठवड्यांपर्यंत' असेल, तर 'बत्तिसावा लागला' म्हणून अडवणारा कर्मचारी चुकत नाही आणि 'बत्तीस भरायला अजून पाच दिवस आहेत' म्हणून सोडणाराही चुकत नाही. अट '32 वा आठवडा संपेपर्यंत' अशी लिहिली, तरी गोंधळ तोच. एकाच बाईला एकाच दिवशी दोन खिडक्यांवर दोन उत्तरे मिळू शकतात. प्रमाणपत्राचेही तसेच. कुठे ते तीन दिवसांच्या आतले लागते, कुठे आठवड्याच्या आतले चालते. त्यात जुळ्यांच्या बाबतीत सातव्या महिन्यातले पोट नववा लागल्यासारखे दिसते. कागद वाचता येत नसला की माणूस पोटाकडे बघून ठरवतो, आणि काउंटरवरच्या मुलाला 'डीसीडीए ट्विन्स' म्हणजे काय हे माहीत असावे, अशी अपेक्षा धरणेही अन्यायाचे आहे.

त्या अक्षरांत मात्र बरेच काही असते. दोन गर्भांना दोन स्वतंत्र वारा असतील ('डीसीडीए'चा अर्थ तोच), तर जोखीम तुलनेने कमी. दोघांत एकच वार असेल, तर 10 ते 15 टक्के गरोदरपणांत एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे जास्त वळण्याचा धोका असतो. तो बहुधा 16 ते 26 आठवड्यांच्या दरम्यान उद्भवतो आणि म्हणूनच अशा स्त्रीची सोनोग्राफी दर पंधरवड्याला करतात. म्हणजे 20 व्या आठवड्यातली एखादी बाई 30 व्या आठवड्यातल्या दुसरीपेक्षा अधिक जपण्याजोगी असू शकते, आणि आजच्या पद्धतीत पहिलीला कोणी काही विचारतसुद्धा नाही. रक्तक्षयाचे तसेच आहे. केबिनमधला हवेचा दाब 8,000 फूट उंचीवर असतो तितपत उतरू शकतो (आपले महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आतच आहे). निरोगी आईच्या पोटातल्या बाळाला हे सोसते, कारण गर्भाचे हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते. आईचेच हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली गेलेले असेल, तर ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांचे रॉयल कॉलेज प्रवास टाळायला सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तरीही प्रमाणपत्रावर 'फिट टू फ्लाय' एवढे तीन शब्द आणि शिक्का असला की काम भागते. म्हणून महासंचालनालयाने एकच छापील नमुना ठरवून द्यावा. त्यात पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून काढलेले आठवडे व दिवस, वार एक की दोन, हिमोग्लोबिन, रक्तस्राव किंवा वार खाली असणे, पूर्वीची अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा. आणि डॉक्टरांनी प्रवासाची शेवटची ग्राह्य तारीख स्वतः लिहून द्यावी. काउंटरवर फक्त ती तारीख वाचायची. बाकीचा तपशील कंपनीच्या वैद्यकीय विभागाने आगाऊ पाहावा. रांगेतल्या चारचौघांसमोर सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडायला लावू नये.

यावर पहिला आक्षेप असा, की अशा अवस्थेत विमानाने जायचेच कशाला. आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते आणि पहिलटकरीण पुष्कळदा त्यानंतर माहेरी जाते. नोकरदार स्त्रीला प्रसूती रजेच्या कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीपासून 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पण त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. अपेक्षित तारीख 40 आठवड्यांनी धरली, तर कायद्याची रजा 32 व्या आठवड्याच्या अखेरीस सुरू होते. नेमके तेव्हाच जुळ्यांच्या आईला विमानाचे दार बंद होते. तिला पदरची रजा टाकून आधी निघावे लागते, आणि त्या काठावरच्या दिवसांतच काउंटरवरचा घोळ तिला आडवा येतो. अडवल्यावर ती घरी बसत नाही. पुण्याची बाई नागपूरला जायला सुमारे दीड तासाच्या विमानाऐवजी रात्रभराच्या बसमध्ये बसते, जिथे तिला कोणी प्रमाणपत्र विचारत नाही आणि वाटेत कळा आल्या तर जवळचे रुग्णालय कुठे, हेही कोणाला ठाऊक नसते. तास न् तास बसून पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका बसमध्येही टळत नाही.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा असेल: विमान मध्येच उतरवावे लागले, तर खर्च आणि जबाबदारी आमची, तेव्हा निर्णयही आमचाच. निर्णयाचा हक्क त्यांच्याकडेच राहू द्या. तो कशाच्या आधारे घ्यायचा, एवढेच नियमाने ठरावे. याला आपल्याच कार्यालयाचा दाखला आहे. आपल्या नियमांतील जुलै 2022 च्या दुरुस्तीनुसार दिव्यांग प्रवाशाची प्रकृती प्रवासात बिघडेल असे कंपनीला वाटले, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून त्यांचे स्पष्ट मत घ्यावे लागते आणि मगच कंपनीने निर्णय घ्यायचा असतो. हीच तरतूद गरोदर प्रवाशांना लागू करावी. नकार द्यायचाच तर कारण लेखी द्यावे. जास्तीची तिकिटे विकल्यामुळे जागा नाकारलेल्या प्रवाशाला आपल्या नियमांनुसार 20,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. वैध प्रमाणपत्र हातात असताना परत पाठवलेल्या गरोदर बाईला निदान तिकिटाचे पूर्ण पैसे तरी मिळावेत. खोटी प्रमाणपत्रे येतील, ही भीती खरी आहे. पण नोंदणी क्रमांकासह ठरलेला नमुना तपासणे आजच्या लेटरहेडपेक्षा सोपेच जाईल.

आणखी दोन गोष्टी लहान आहेत. तिकीट काढतानाच 'एकाहून अधिक गर्भ' हा पर्याय विचारावा आणि परतीच्या तारखेला किती आठवडे होतील हे तिथेच दाखवावे; दुबईहून किंवा अमेरिकेतून येऊन परत जाणाऱ्यांना त्याची विशेष गरज आहे. आणि उठून चालता यावे म्हणून मधल्या वाटेलगतची जागा जादा पैसे न घेता द्यावी. रेल्वे गरोदर स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा ठेवते. विमान कंपन्यांना एक खुर्ची जड जाऊ नये.

तरी प्रसूतितज्ज्ञ आणि हवाई वैद्यकशास्त्राचे जाणकार यांना सोबत घेऊन या नियमाचा मसुदा तयार करावा, तो हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, आणि तोवर '32 आठवडे' म्हणजे 32 पूर्ण आठवडे, असे एका परिपत्रकाने सर्व कंपन्यांना कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
खाली सह्या करणारे नागरिक

प्रत माहितीसाठी: मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री, नवी दिल्ली.