पंप एक, आजार दोन

स्टेरॉइड आणि श्वासनलिका दीर्घकाळ रुंद ठेवणारे औषध एकाच पंपातून देण्याची पद्धत आता लहान गावांतल्या दवाखान्यांतही रुळली आहे. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल आणि फ्लुटिकासोन-सालमेटेरॉल या जोड्या सर्रास लिहिल्या जातात. लोणावळ्याच्या तुंगार्लीत बंगल्याची राखण करणाऱ्या दमेकरी तरुणाला आणि मावळातल्या चुलीपुढे आयुष्य गेलेल्या आजींना बऱ्याचदा एकच चिठ्ठी मिळते: सकाळ-संध्याकाळ दोन फवारे. धाप दोघांनाही लागते, पण आजार वेगळे आहेत आणि पंपातल्या दोन औषधांचे महत्त्वही दोघांत सारखे नाही.

दम्यात मुख्य काम स्टेरॉइडचे. श्वासनलिकेचा दाह तेच शमवते. दुसरे औषध त्याच्या जोडीने चालते. ती जोड तुटली तर काय होते, हे सालमेटेरॉलवरच्या 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसले. नेहमीच्या उपचारांवर नुसते सालमेटेरॉल वाढवलेल्या गटात दम्याने झालेले मृत्यू अधिक होते. स्टेरॉइडसोबत दिल्यास हा धोका वाढत नाही, असे पुढच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले आणि 2017 मध्ये अमेरिकेत जोडपंपावरचा कडक इशारा काढण्यात आला. दम्यावर जागतिक मार्गदर्शन देणाऱ्या ‘जिना’ने 2019 मध्ये नुसत्या तातडीच्या साल्बुटामॉलवर दमा सांभाळण्याची शिफारसच मागे घेतली. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करते. त्यामुळे बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा 200/6 ताकदीचा पंप रोजचाही असू शकतो आणि धाप लागली की घ्यायचाही. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा 12 फवाऱ्यांची. सालमेटेरॉल संथ आहे. ते तातडीसाठी देणे ही चूकच. दोन्ही पंप दिसायला सारखेच असल्याने हा फरक चिठ्ठीवर लिहावा लागतो.

आजींच्या सीओपीडीत (फुप्फुसांच्या दीर्घकालीन अडथळ्याच्या आजारात) क्रम उलटतो. तिथे आधार श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधांचा. 2007 च्या ‘टॉर्च’ चाचणीत सहा हजारांहून अधिक रुग्ण तीन वर्षे पाहिले गेले. फ्लुटिकासोन-सालमेटेरॉलने आजाराचे उद्रेक कमी झाले, पण मृत्यूंतली घट सांख्यिकी कसोटीवर थोडक्यात उतरली नाही आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत न्यूमोनिया वाढला. सीओपीडीवरच्या ‘गोल्ड’ या जागतिक गटाच्या सध्याच्या मार्गदर्शनात म्हणूनच सुरुवात बहुतेकदा दोन दीर्घकालीन रुंदावकांनी होते. वारंवार उद्रेक होत असतील आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशी मायक्रोलिटरमागे 300 च्या पुढे असतील, तर स्टेरॉइड जोडून तिहेरी उपचार करावे. 100 च्या खाली असतील तर स्टेरॉइडचा उपयोग फारसा नसतो. साध्या रक्तचाचणीतून मिळणारा हा आकडा मागवण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही.

दमा की सीओपीडी, या निदानासाठी स्पायरोमेट्री हवी आणि तिच्यासाठी रुग्णाला तळेगावला किंवा पुण्याला धाडायला संकोच नको. विडी ओढत नाही म्हणून सीओपीडी नाही, हा तर्कही टिकत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की सीओपीडीच्या रुग्णांपैकी 25 ते 45 टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. चुलीचा धूर हे त्यामागचे मोठे कारण. जुन्या क्षयाने फुप्फुस खराब झालेल्यांनाही अशीच धाप लागते. खोकला लांबला असेल तर आधी थुंकी तपासावी.

मग प्रश्न साधनाचा, आणि लोणावळ्याच्या पावसात तो औषधाइतकाच मोठा. जून ते सप्टेंबर तुंगार्लीत भिंती ओलावतात, महिनोन्महिने बंद असलेल्या बंगल्यांत बुरशी धरते. दमेकऱ्याला ती जशी बाधते तशीच ही दमट हवा पावडर ओढायच्या साधनातल्या कॅप्सूललाही बाधते. कॅप्सूल मऊ पडते, नीट फुटत नाही, पावडरच्या गुठळ्या होतात आणि औषध साधनातच राहते. बाटलीचे झाकण घट्ट असावे, कॅप्सूल घ्यायच्या क्षणीच बाहेर काढावी, आदल्या रात्री साधनात भरून ठेवू नये, साधनात उच्छ्वास सोडू नये. (कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारे रुग्णही भेटतात, तेव्हा काहीच गृहीत धरू नये.) पावडर जोरात ओढावी लागते. ज्या वृद्धांना ते जमत नाही, त्यांना स्पेसरसह फवाऱ्याचा पंप बरा. तिथे श्वास संथ आणि खोल हवा, मग जमल्यास दहा सेकंद रोखलेला. स्पेसर धुऊन फडक्याने पुसू नये, हवेवरच वाळू द्यावा. पुसल्याने स्थिर विद्युत निर्माण होते आणि औषध भिंतीला चिकटते. पावसाळ्यात तो वाळायला वेळ लागतो, म्हणून शक्य असेल तर दोन स्पेसर सांगावेत. प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकावे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो.

लोणावळ्यात 1924 पासून कैवल्यधाम आहे आणि योगासाठी येणाऱ्यांत दमेकरीही असतात. प्राणायामाने धापेची भीती आणि लक्षणे कमी होऊ शकतात. दाहावरच्या स्टेरॉइडची जागा तो घेत नाही. बरे वाटते म्हणून पंप परस्पर बंद केला आहे का, हे दर भेटीत विचारावे.

दमा सलग तीन महिने आटोक्यात असेल तर डोस टप्प्याने उतरवता येतो, मात्र स्टेरॉइड पूर्ण थांबवू नये. उतरवण्याची वेळही निवडावी लागते. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर असताना डोस कमी करू नये. दिवाळीचा धूर आणि सुरुवातीची थंडी सरल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास करावा.