बंद पडलेला लॅपटॉप आणि अब्बांचा आवाज

गेल्या हंगामातली गोष्ट. तेलगावच्या नाक्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आणि इकडे आमच्या घरात लॅपटॉपवर अपडेट चालू असताना वीज गेली. बॅटरी तर कधीचीच निकामी झालेली. वीज आल्यावर बटण दाबले, तर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ : ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.

लॅपटॉप सात-आठ वर्षांचा. त्याचे आम्हाला फारसे दुःख नव्हते. पण त्यात मुलीच्या प्रवेशाची कागदपत्रे होती, आमच्या वर्गाच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि अब्बांचा आवाज होता. शेवटच्या आजारपणात अब्बा खाटेवर बसून घराण्याची हकीकत सांगायचे. आजोबा कोणत्या गावाहून आले, कोणाची कबर कुठे आहे, बांधावरचे लिंबाचे झाड कोणी लावले. ते सगळे आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये ठेवले. पुढे मोबाईल बदलला. दुसरी प्रत करू-करू म्हणत राहिलो, केली नाही. शिकवणाऱ्याचा हा आळस, कबूल करतो.

दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने पाहिले आणि म्हणाला, ‘‘सर, विंडोजची डिस्क आहे का? नसेल तर फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं जाईल.’’ डिस्क कुठली असणार? आमच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाही नाही. ‘उद्या सांगतो’ म्हणून परत आलो. अम्मींना काही सांगितले नाही.

रात्री छत्रपती संभाजीनगरला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या भाचीला फोन लावला. ती पहिल्यांदा हेच म्हणाली, ‘‘मामू, फॉरमॅटला हात लावू देऊ नका. दार उघडत नाही म्हणून घरातलं सामान जळालं, असं होत नाही.’’

तिचे म्हणणे पटण्यासारखे होते. १९ जुलै २०२४ चा दिवस आठवा. एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होईनासे झाले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय निघाला? संगणक सेफ मोडमध्ये उघडून एक फाईल काढून टाकायची. आतली माहिती जागच्या जागी होती.

भाचीने फोनवर आमच्याकडून जे करून घेतले, ते क्रमाने देतो. कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

आधी चार्जर, पेनड्राईव्ह, माऊस सगळे काढावे. बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढावी. मग पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि चार्जर लावून पुन्हा सुरू करून पाहावे. कधी कधी एवढ्यानेच काम होते.

नाही झाले तर सुरू होताना एफ-२ किंवा कंपनीप्रमाणे एफ-१० दाबून बायोसमध्ये जावे आणि हार्ड डिस्कचे नाव दिसते का ते बघावे. दिसत असेल तर मोठी आशा आहे. दिसत नसेल किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा सुरू करू नये. ते काम जाणकाराकडेच न्यावे.

तिसरे, विंडोजची स्वतःची दुरुस्ती. विंडोज सुरू होता होता दोन-तीनदा अडले, की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यातले ‘स्टार्टअप रिपेअर’ निवडावे. ‘रीसेट’ला मात्र माहिती काढून घेतल्याशिवाय हात लावू नये. आमच्याकडे हा पडदा आलाच नाही.

मग चौथा उपाय. लिनक्स नावाची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राईव्हवरून चालते, लॅपटॉपच्या डिस्कवर बसवावी लागत नाही. तिचा उबुंटू हा प्रकार दुसऱ्या चालू संगणकावर उतरवून घ्यायचा आणि ‘रुफस’ या मोफत प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर चढवायचा. त्या पेनड्राईव्हमधले आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून तो रिकामा घ्यावा. आमच्या मोबाईलच्या रोजच्या डेटात एवढे मोठे डाऊनलोड होणे कठीण. भाचीने पेनड्राईव्ह हॉस्टेलवरच तयार केला आणि गावी येणाऱ्या शेजारच्या मुलाजवळ दिला. दोन दिवसांनी तो परळीच्या बसमधून तेलगावला उतरला. आम्ही नाक्यावर उभेच होतो.

पेनड्राईव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ-१२, एचपीला एफ-९, आसूसला एस्केप. यादीतून पेनड्राईव्ह निवडायचा. पुढे ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ असे दोन पर्याय येतात. ‘ट्राय’च निवडायचे. ‘इन्स्टॉल’ने डिस्क पुसली जाऊ शकते. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर ४८ आकड्यांची किल्ली लागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड लिहून ठेवावा.

पडदा उजळला. डिस्कच्या चित्रावर क्लिक केले आणि आमचे फोल्डर एकाखाली एक दिसू लागले. मुलगी शेजारी होती. ती म्हणाली, ‘‘अब्बू, आधी दादांचं घ्या.’’ दुसऱ्या पेनड्राईव्हवर आधी तेच उतरवले, मग तिची कागदपत्रे, शेवटी आमच्या प्रश्नपत्रिका.

माहिती हाती आल्यावर विंडोज नव्याने टाकायला भीती कसली? मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल मोफत मिळते. त्याने ८ जीबीचा पेनड्राईव्ह तयार झाला की तीच डिस्क समजायची. गेल्या बऱ्याच वर्षांतल्या, विंडोजसकट विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये तिची परवाना-किल्ली मशीनमध्येच असते, वेगळे पैसे लागत नाहीत. मात्र विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही. अशा लॅपटॉपवर लिनक्सच ठेवायला हरकत नाही. आपल्या सी-डॅकने केलेली ‘बॉस’ लिनक्स भारतीय भाषांचा विचार करूनच बनवलेली आहे. आम्ही उबुंटूच ठेवले. मराठी आणि उर्दू दोन्ही टाईप होते.

आता अब्बांच्या आवाजाच्या तीन प्रती आहेत. एक लॅपटॉपमध्ये, एक कपाटात रेशनकार्डाच्या डब्यातल्या पेनड्राईव्हवर, एक भाचीकडे.

त्या रात्री सगळे अम्मींना सांगून टाकले आणि रेकॉर्डिंग लावले. अब्बा बोलत होते, मध्येच खोकले. अम्मी पुढे सरकल्या, म्हणाल्या, ‘‘अरे, पाणी द्यायचं होतंस की त्यांना.’’

आम्ही काही बोललो नाही. पुढचे रेकॉर्डिंग लावले.