भावी डॉक्टरांच्या तालमीला वेळ उरला आहे काय?

(खास प्रतिनिधीकडून)

दिंडोरी (नाशिक) : नाशिकहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. अॅलोपॅथी, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या अशा शाखांची राज्यभरातील शेकडो महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत. परीक्षा लांबली, निकाल रखडला, प्रश्नपत्रिकेचा घोळ झाला की येथील बातमी होते. या महाविद्यालयांतील मुलेमुली परीक्षेखेरीज काय करतात, नाटकाची तालीम, गाण्याचा गट, भित्तिपत्रक किंवा रविवारचा गड यांना त्यांच्या आठवड्यात जागा उरली आहे काय, ही मात्र कोणाच्याच दृष्टीने बातमी नसते.

हा विषय हौसेमौजेचा म्हणून बाजूला सारण्यासारखी स्थिती आता राहिलेली नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिगटाचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी केलेल्या ऑनलाइन पाहणीत पदवी अभ्यासक्रमाच्या २५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी माहिती दिली. त्यांपैकी २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे, तर १६.२ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचे नोंदविले. स्वेच्छेने भरलेल्या प्रश्नावलीचे आकडे जपूनच वाचावे लागतात. शिवाय छंद नाही म्हणून नैराश्य आले, असे सोपे गणित मांडणेही भाबडेपणाचे ठरेल. तरीही घरापासून दूर, वसतिगृहाच्या खोलीत एकाच पुस्तकासमोर वर्षे काढणाऱ्या मुलाला दुसरे कोणते वर्तुळ उपलब्ध आहे, हा प्रश्न या आकड्यांनंतर टाळता येत नाही.

मराठी समाजाला तर या प्रश्नाचे विशेष महत्त्व असावयास हवे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव काढून टाकले तर विसाव्या शतकातील मराठी रंगभूमीचा इतिहास पुरा होत नाही. डॉ. श्रीराम लागू तेथलेच विद्यार्थी. कान, नाक, घशाचे तज्ज्ञ म्हणून त्यांनी पुण्यात आणि पुढे आफ्रिकेत टांझानियातही व्यवसाय केला आणि १९६९ मध्ये ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. वसंत कानेटकरांचे ‘इथे ओशाळला मृत्यू’ आणि पाठोपाठ १९७० मध्ये कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’, ही त्यांची दोन्ही नाटके नाशिककर लेखकांनी लिहिलेली, हे येथील वाचकांस सांगावयास नको. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये रंगमंचावर आले तेव्हा एक दिग्दर्शक होता आणि दुसरा नाना फडणवीस. ‘मुक्तांगण’ उभे करणारे डॉ. अनिल अवचट हेही बी. जे.चेच. लाकडात कोरीव काम, ओरिगामी, बासरी यांत ते रमले आणि छंदांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

पालकवर्गाचा आक्षेप येथेच येतो. ‘नाटकाच्या नादी लागला आणि डॉक्टरकी गेली,’ असे उदाहरण म्हणून लागूंचेच नाव पुढे केले जाते. आक्षेप पूर्णपणे चुकीचा नाही. लाखो रुपये शुल्क भरणाऱ्या कुटुंबाला ही भीती वाटणारच. परंतु आगाशे यांचे उदाहरण उलट दिशेने जाते. त्यांनी अध्यापन सोडले नाही आणि पुढे स्मृतिभ्रंशावरील ‘अस्तु’, नैराश्यावरील ‘कासव’ या चित्रपटांच्या निर्मितीत भाग घेतला. हौस आणि पेशा येथे एकमेकांना पूरक ठरले.

मग आज अशी वर्तुळे क्षीण का झाली? मोबाइलला दोष देण्याची सोपी सवय आपल्याला लागली आहे. खरी कारणे बरीचशी नियमांत सापडतात. एमबीबीएसचा पहिला टप्पा पूर्वी दीड वर्षाचा असे. १९९७ च्या नियमावलीने तो एक वर्षावर आणला. शरीररचनाशास्त्राचा भार अर्थातच तेवढ्या प्रमाणात घटला नाही. १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. परीक्षांच्या शिस्तीसाठी ते आवश्यकच होते. पण त्यामुळे मुंबई, पुणे, नागपूर विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत कला, वाणिज्य, विज्ञानाच्या मुलांबरोबर उतरणारा वैद्यकीय विद्यार्थी त्या प्रवाहातून बाजूला झाला. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे स्वतःचे क्रीडा व सांस्कृतिक महोत्सव आहेत आणि राज्यपातळीवरील ‘इंद्रधनुष्य’मध्ये सर्व विद्यापीठे भेटतात, परंतु तेथपर्यंत निवडक चमूच पोहोचतो. उरलेल्यांचे जग डॉक्टर होणाऱ्यांपुरतेच मर्यादित राहते.

तिसरे कारण सर्वांत प्रभावी आहे, ते म्हणजे पदव्युत्तर प्रवेश. २०१७ पासून देशभर ‘नीट-पीजी’ ही समाईक परीक्षा आहे. तिच्या तयारीची ध्वनिचित्रित व्याख्याने आता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच विकत घेतली जातात. पूर्वी संध्याकाळ वॉर्डात किंवा तालमीत जात असे, आता ती दीडपट वेगाने चालणाऱ्या व्याख्यानात जाते. आंतरवासिता, म्हणजे रुग्णांत मिसळण्याचे वर्ष, तेही याच परीक्षेच्या सावलीत संपते. विद्यार्थिसंघटनांनी कितीही उत्साह दाखविला तरी या स्पर्धेपुढे त्यांचा निभाव कसा लागावा?

नियामकांना याची जाणीव नव्हती असे नाही. २०१९ मध्ये लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने आरंभीच १७५ तासांचा पायाभूत वर्ग ठेवला आणि त्यात २२ तास खेळ व अभ्यासेतर उपक्रमांना दिले. आकड्यातच त्याची मर्यादा दिसते. साडेचार वर्षांच्या शिक्षणाच्या तोंडाशी २२ तास मिळाल्याने ओळख होते, सवय लागत नाही. वार्षिक महोत्सवांची रोषणाई वाढली आहे, हे खरे. पण चार रात्रींचा झगमगाट आणि दर बुधवारी भरणारे वाचनमंडळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिचर्या महाविद्यालयांतील मुलींची कथा आणखी बिकट. वर्ग आणि वॉर्डातील ड्यूटी सांभाळून तालमीची वेळ जुळविणे त्यांना किती अवघड जात असेल, याचा विचार छंदांच्या चर्चेत क्वचितच होतो.

हे सारे रुग्णापर्यंत पोहोचते. दिंडोरीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा पलीकडच्या पेठ, सुरगाणा तालुक्यांत नेमणूक होणाऱ्या तरुण डॉक्टरपुढे द्राक्षबागेतला मजूर असतो, कोकणी बोलीत दुखणे सांगणारी आदिवासी बाई असते. गोळ्या मध्येच का थांबवायच्या नाहीत, हे तिला तिच्या शब्दांत पटवावे लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावच्या पारावर पथनाट्य केलेल्या मुलाला समोरचा माणूस कुठे कंटाळतो, कुठे कान टवकारतो, हे ठाऊक असते. क्रमिक पुस्तकात त्यावर प्रकरण नाही.

उपाय फार खर्चिक नाही, पण तो हजेरीच्या वहीपाशी अडतो. व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती आवश्यक असते. हा नियम रास्तच आहे, रुग्ण न पाहता कोणी डॉक्टर होऊ नये. मात्र एकांकिका स्पर्धेसाठी किंवा सेवा योजनेच्या शिबिरासाठी बाहेर गेलेल्या विद्यार्थ्याचे बुडालेले प्रात्यक्षिक पुढील आठवड्यात भरून देण्याची हमी प्रत्येक महाविद्यालयाने लेखी द्यावी. आज हे विभागप्रमुखाच्या स्वभावावर सोपविले जाते. आठवड्यातील एक दुपार मोकळी ठेवून त्या वेळेत जादा व्याख्यान घुसविले जाणार नाही, एवढे पथ्यही पाळावे. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज नाही. दिंडोरी रस्त्यावरून एक परिपत्रक निघाले तरी पुरे.